चमचा कोरणारे हात
कौशल्य जन्माने येत नाही, शिकून येते

भाकरीचे पीठ मळायची काठवट, ताक घुसळायची रवी, पिठले ढवळायचा चाटू, पोळपाट आणि लाटणे ही सारी आपल्या आज्यांच्या रोजच्या वापरातली लाकडी भांडी. पुढे स्टेनलेस स्टील आले, प्लॅस्टिक आले आणि चाटू चुलीबरोबरच घरातून गेला. आता शहरातल्या मोठ्या दुकानात तसाच लाकडी चमचा काचेच्या कपाटात मांडलेला दिसतो आणि त्याची किंमत वाचून आपण पुढे सरकतो.

हा चमचा हाताने कसा करतात आणि तो करायला कोणालाही शिकता येते का, हा या लेखाचा विषय आहे. प्रश्न साधा दिसतो. पण आपल्या देशात तो साधा राहिलेला नाही. गावगाड्यात लाकूडकाम सुताराचे. वाकस, पटाशी, रंधा ही हत्यारे त्याच्या घरी जन्मलेल्या मुलाच्याच हाती यायची. इतर कोणी कोणते काम करायचे तेही जन्मानेच ठरलेले होते आणि आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला काय आले ते येथे पुन्हा सांगायला नको. म्हणूनच ‘हातकाम’ हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या मुलांनी लेखणी धरावी, हत्यार कशाला, असे वाटते. त्या वाटण्यामागे मोठा इतिहास आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत.

परंतु जगात असाही एक देश आहे, जिथे चाकूने लाकूड कोरणे हा शाळेतला धडा झाला आणि तो सर्वांच्या मुलांसाठी झाला. त्याची हकिकत आपण समजून घेतली पाहिजे.

स्वीडनमधील हातकामाची शाळा

उत्तर युरोपातील स्वीडन हा जंगलांचा देश. हिवाळा लांब, दिवस आखूड, बाहेर बर्फ. शेतीची कामे थांबली की खेड्यातली माणसे घरात चुलीपाशी बसून चमचे, वाडगे, कुऱ्हाडीचे दांडे, टोपल्या अशा घरच्या गरजेच्या वस्तू करीत. या हातकामाला त्यांच्या भाषेत ‘स्लॉइड’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कारखान्यांचा स्वस्त माल खेड्यापर्यंत पोहोचला आणि ही घरगुती कला मागे पडू लागली.

त्या काळात गोथेनबर्ग शहरातील ऑगस्ट अब्राहमसन या ज्यू व्यापाऱ्याने शहरापासून काही अंतरावर नेस नावाची मोठी जागा १८६८ साली विकत घेतली. तेथे १८७२ साली मुलांसाठी हातकामाची शाळा सुरू झाली. दोन वर्षांनी, १८७४ साली मुलींसाठीही शाळा निघाली. या कामाची सूत्रे अब्राहमसन यांचे भाचे ओटो सालोमन यांच्याकडे होती. शेजारच्या फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या प्रयत्नांमुळे १८६६ सालीच लोकशाळांच्या अभ्यासक्रमात हातकामाला स्थान मिळाले होते. सालोमन १८७७ साली त्यांना जाऊन भेटले. त्यानंतर नेस येथे शिक्षकांना तयार करण्यावर भर दिला गेला. देशोदेशीचे हजारो शिक्षक तेथे शिकून गेले. त्यांत स्त्रियाही होत्या आणि त्याही बाकावर उभे राहून लाकूडकाम शिकल्या.

सालोमन यांचे विचार आजही ताजे वाटतात. शाळेतून सुतार तयार करणे हा त्यांचा हेतू नव्हता. मुलाच्या मनात श्रमाविषयी गोडी आणि शरीरकष्टाविषयी आदर निर्माण व्हावा, त्याला स्वतःवर विसंबून राहता यावे, व्यवस्थितपणा, अचूकपणा, चिकाटी आणि लक्ष या सवयी लागाव्यात, डोळ्याला आकार कळावा आणि हाताला वळण लागावे, हा त्यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी काही नियम घातले. मुलाने जी वस्तू करायची ती घरात उपयोगी पडणारी हवी, शोभेची नको. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूकडे पायरीपायरीने जायचे. वस्तू मुलाने स्वतः पुरी करायची, गुरुजींनी तिच्यावर हात फिरवून ती सुंदर करून द्यायची नाही. आणि हे शिकवणारा शिकवण्याचे शास्त्र जाणणारा शिक्षक असला पाहिजे, नुसता चांगला कारागीर असून भागणार नाही.

हा शेवटचा नियम आपण नीट पाहावा. कारागिराकडून मुलगा पाहून पाहून शिकतो आणि ते शिकणे बहुधा त्या घरातच राहते. शिक्षकाकडे तेच ज्ञान पायऱ्यांत मांडलेले असते. एकदा ते पायऱ्यांत मांडले की समोरचे मूल कोणाच्या पोटी जन्मले हे विचारण्याचे कारण उरत नाही. आज स्वीडनमध्ये स्लॉइड हा शाळेतला सक्तीचा विषय आहे. मुलगे आणि मुली दोघेही लाकूडकाम आणि शिवणकाम दोन्ही शिकतात.

चमचा कोरण्याच्या कलेला पुढे नवे आयुष्य मिळाले ते विले सुंडक्विस्ट (१९२५-२०१८) या स्वीडिश हातकाम शिक्षकामुळे. जुन्या खेडूत माणसांची चाकू धरण्याची एकेक पद्धत त्यांनी पाहिली, तपासली आणि शिकवण्याजोगी केली. १९७०च्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि तेथे ही कला पोहोचली. चाकू आणि कुऱ्हाडीच्या कामावरचे त्यांचे पुस्तक १९८८ साली निघाले आणि १९९० साली ते इंग्रजीतही आले. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात ईडेल या गावी २०१२ साली चमचे कोरणाऱ्यांचा मेळावाच भरला. वंशपरंपरेने लाकूडकाम करणारी घराणी मोडल्यावरही कला मेली नाही, याचे कारण ती शिकवण्याची सोय झाली.

कार्यशाळेत काय शिकवतात

आता प्रत्यक्ष काम पाहू. चमचा कोरण्याच्या वर्गाला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. एक छोटी कुऱ्हाड, एक सरळ पात्याची सुरी, एक आकड्यासारखी वाकडी सुरी आणि खाली ठेवायला लाकडाचा भक्कम ठोकळा, एवढ्यावर काम चालते.

पहिला धडा लाकडाचा. सुतार दार-खिडकीसाठी वाळलेले लाकूड घेतो. चमच्यासाठी मात्र नुकतेच तोडलेले ओले लाकूड घेतात, कारण ते मऊ असते आणि सुरी त्यात सहज चालते. स्वीडनमध्ये बर्च झाडाचे लाकूड वापरतात. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पूर्वी ग्रंथ लिहीत, तो हिमालयातला भूर्ज याच कुळातला. सुमारे फूटभर लांबीचा ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडतात. करवतीने कापत नाहीत. फोडल्यावर लाकूड आपल्या रेषेप्रमाणे दुभंगते आणि रेषा सलग राहिली तर चमचा मजबूत होतो. ओंडक्याच्या मधोमध असलेला गाभा काढून टाकतात, कारण वाळताना तडा बहुधा तेथूनच जातो.

दुसरा धडा कुऱ्हाडीचा. फळीवर पेन्सिलीने चमच्याचा आकार काढतात. मग फळी ठोकळ्यावर उभी धरून कडेला आधी लहान लहान खाचा पाडतात आणि नंतर त्या खाचांपर्यंतचे लाकूड उडवतात. लाकूड धरणारा हात नेहमी कुऱ्हाड जेथे पडते त्याच्या वर असावा, खाली कधीही नसावा. शिकवणारे हा नियम दिवसभरात कितीदा तरी सांगतात. कुऱ्हाडीने जितके काम नीट होईल तितके पुढे सुरीचे कष्ट वाचतात.

तिसरा धडा सुरीचा आणि खरी शाळा येथेच आहे. नवा माणूस सुरी मनगटाने ओढतो आणि थोड्या वेळात थकतो. शिक्षक त्याला सांगतात की ताकद खांद्यातून आणि पाठीतून येऊ द्या, मनगट स्थिर ठेवा. सुरी धरण्याच्या ठराविक पद्धती आहेत. एका पद्धतीत लाकूड धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याच्या पाठीला रेटा देतात, त्यामुळे सुरी थोडीच पुढे जाते आणि थांबते. दुसरीत दोन्ही हात छातीशी घेऊन कोपरे बाहेर फाकवतात, तेव्हा पाते अंगापासून दूर जाते आणि जोर मोठा मिळतो. तिसरी पद्धत आपल्या घरातल्या बायकांना आधीच येते. बटाटा सोलताना सुरी जशी अंगठ्याकडे येते, तशी ती येथेही येते. फक्त अंगठा पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवायचा. विळीवर भाजी चिरण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना पात्याशी कसे वागावे हे निराळे शिकवावे लागत नाही.

बसून काम करताना मांडीवर लाकूड ठेवून सुरी चालवायची नाही, हा सक्तीचा नियम. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. म्हणून पुढे वाकून कोपरे गुडघ्यांवर टेकवावीत आणि काम गुडघ्यांच्या पुढे करावे. शेजारचा माणूस हात लांबवूनही पोहोचणार नाही इतके अंतर ठेवावे. आणि सुरी नेहमी धारदार हवी. बोथट सुरीला जास्त जोर लागतो, जास्त जोराने ती घसरते आणि घसरलेली सुरीच हात कापते.

चौथा धडा लाकडाच्या रेषेचा. म्हशीच्या अंगावरून हात केसांच्या दिशेने फिरवला तर तो गुळगुळीत जातो, उलटा फिरवला तर केस उभे राहतात. लाकडाचे तसेच आहे. सुलट दिशेने गेलेली सुरी तकतकीत कापते, उलट दिशेने गेलेली सुरी लाकडात घुसते आणि सालपट फाटते. सोपा नियम असा, की उंच भागाकडून सखल भागाकडे उतरत यावे. चमच्याचा आकार वळणाचा असल्यामुळे ही दिशा जागोजागी बदलते. दांडा जेथे वाटीला मिळतो तेथे दोन्ही बाजूंनी उतरत येऊन मध्ये थांबावे लागते. ‘सुरी अडली तर जोर लावू नका, चमचा फिरवून पाहा,’ असे शिक्षक सांगतात.

मग वाकड्या सुरीने वाटी कोरायची. ही सुरी रेषेला आडवी चालवतात, कडेकडून मध्याकडे. नवशिक्याला वाटी खोल करण्याचा मोह होतो आणि एखाद्या क्षणी पाते तळातून आरपार निघते. म्हणून मधून मधून चमचा उजेडाकडे धरावा, दोन बोटांच्या चिमटीत जाडी तपासावी. दुसरी नाजूक जागा म्हणजे मान. तेथे लाकूड फार कमी केले तर चमचा पहिल्याच आठवड्यात मोडतो. वाकलेल्या फांदीचा चमचा अधिक टिकतो, कारण तिथे लाकडाची रेषाच चमच्याच्या वळणाने गेलेली असते.

कोरलेला ओला चमचा उन्हात ठेवला तर तडकतो. तो वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत काही दिवस हळूहळू वाळू देतात. वाळल्यावर धारदार सुरीने शेवटचा पातळ हात फिरवतात. पॉलिश कागदाने घासलेले लाकूड पाण्यात भिजले की त्याचे तंतू पुन्हा उभे राहतात, पण धारदार पात्याने कापलेले लाकूड बरेच गुळगुळीत राहते. शेवटी जवसाचे तेल चोळतात. जवसाचे तेल हवेने हळूहळू घट्ट होते आणि लाकडावर थर धरते. शेंगदाण्याच्या तेलाचे तसे होत नाही, ते तसेच राहून खवट होते.

एवढे सगळे करून नवशिक्याचा बहुतेक दिवस एका चमच्यात जातो आणि चमचा थोडा वाकडाच होतो. तरी तो दुसऱ्या दिवशी घरच्या भाजीत फिरतो.

हातकामाच्या दोन वाटा

येथे कोणी म्हणेल, हातकामाचे शिक्षण आपल्याकडेही सांगितले गेले होते. ते खरे आहे. परंतु हातकाम कोणाला आणि कशासाठी शिकवायचे, यावर सारे अवलंबून असते. याचे एक उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासात आहे.

तेव्हाच्या मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक नवी योजना आणली. शाळा दिवसाला तीन तासांची, मुलांच्या दोन पाळ्या. उरलेल्या वेळात मुलाने घरी आपल्या आई-वडिलांचा धंदा शिकावा. वरकरणी यातही श्रमाची प्रतिष्ठा होती. पण चांभाराच्या मुलाने चांभारकाम आणि धोब्याच्या मुलाने धुणे शिकावे, असाच त्याचा अर्थ होत होता. पेरियार रामस्वामी आणि द्रविड चळवळीने या योजनेला ‘कुळाचे शिक्षण’ हे नाव देऊन प्रखर विरोध केला. १९५४ साली राजगोपालाचारी पायउतार झाले आणि नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ही योजना रद्द केली.

स्वीडनची योजना आणि मद्रासची योजना, दोन्हींत मुलाच्या हाती हत्यार होते. स्वीडनमध्ये हातकाम शाळेच्या आत आले, सर्व मुलांना एकच काम मिळाले आणि त्यासाठी पुस्तकांचे शिक्षण कमी करावे लागले नाही. मद्रासमध्ये शाळेचे तास कापून मुलाला त्याच्या जातीच्या धंद्याकडे परत पाठवले जात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. माणसाची आवड आणि कुवत न पाहता त्याचे काम जन्माआधीच ठरवले, तर त्या कामात त्याचे मन लागत नाही आणि समाजाचेही नुकसान होते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे.

म्हणून हातकामाची एखादी योजना कोणी आपल्या वस्तीत घेऊन आले, तर दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हे शिक्षण शाळेसोबत आहे की शाळेऐवजी? आणि शहरातल्या चांगल्या शाळेतल्या मुलांनाही हेच शिकवले जाते का?

पोट भरेल का?

कष्टाने घर चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. यंत्रावर कापलेल्या चमच्याशी हाताने कोरलेला चमचा किमतीत टिकत नाही. एका कार्यशाळेत जाऊन आल्याने कोणाचे पोट भरणार नाही. जेथे ही वस्तू गावाचा उद्योग झाली आहे, तेथे तिच्यामागे अनेक हात आणि बाजारपेठ उभी आहे. आंध्र प्रदेशातील उदयगिरी येथील लाकडी चमचे, डाव, काटे प्रसिद्ध आहेत. या कामात स्त्रियांचा मोठा वाटा आहे आणि उदयगिरीच्या लाकडी चमच्यांना भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदही मिळालेली आहे.

मग शिकायचे कशासाठी? गिरणी, कारखाना, बांधकाम, कार्यालय, कोठेही आपण काम करतो तेव्हा वस्तूचा एक तुकडा आपल्या हाती येतो. पूर्ण वस्तू दुसऱ्याची असते. ओंडक्यापासून चमच्यापर्यंतचे सारे काम आपल्या हाताने पुरे करण्याचा अनुभव निराळा असतो. मुलांना तर त्याचा फार उपयोग होतो. चूक कोठे झाली ते लाकूड लगेच दाखवते, त्यासाठी कोणाच्या रागाची गरज पडत नाही. आणि रेषा, जाडी, ओलावा, धार यांची समज ज्याच्या बोटांत आली, त्याला विज्ञानाच्या पुस्तकातला धडा अधिक जवळचा वाटतो.

घरी करून पाहायचे असेल तर

सुटीच्या दिवशी मुलामुलींना घेऊन हे करून पाहता येईल. मूल दहा-बारा वर्षांचे तरी असावे आणि शेजारी मोठे माणूस बसलेले असावे. कुऱ्हाडीचे काम मोठ्यांनीच करावे.

लाकूड म्हणून आंब्याची किंवा शिवणीची ताजी फांदी घ्यावी. पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या छाटतात, तेव्हा विचारले तर तुकडा मिळून जातो. ओळख नसलेल्या झाडाचे लाकूड घेऊ नये. कण्हेर विषारी आहे, तिला या कामासाठी हात लावू नये. जुन्या रंगवलेल्या दाराचे लाकूड नको, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. प्लायवूडही नको. मालाच्या खोक्यांच्या फळ्यांवर ‘एमबी’ अशी इंग्रजी अक्षरे छापलेली असतील तर त्या विषारी वायूने धुरी दिलेल्या असतात. त्यांचे भांडे करू नये.

वाकडी सुरी मिळाली नाही तर हार्डवेअरच्या दुकानात गोल पटाशी मिळते. मात्र पटाशी वापरताना चमचा शिकंजात पक्का आवळावा, हातात धरून पटाशी मारू नये. जवसाचे तेल घाण्याचे, खाण्याचे घ्यावे. रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल घेऊ नये, त्यात ते लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. तयार चमचा वापरल्यावर लगेच धुऊन पुसून ठेवावा, पाण्यात भिजत टाकू नये.

पहिला चमचा सुरू करण्याआधी मुलाला एक साधी काठी टोकदार करायला द्यावी. दुसऱ्या दिवशी लोणी लावायची चपटी सुरी, मग उलथने आणि मग चमचा. हीच पायऱ्यांची पद्धत. आणि घरात मुलगा-मुलगी दोघे असतील तर सुरी दोघांच्याही हाती द्यावी. मुलाने केलेला चमचा मुलाने स्वयंपाकघरात वापरूनही दाखवावा.

आपल्या मुलांनी शिकावे, वकील-डॉक्टर-इंजिनियर व्हावे, ही आपली आकांक्षा आहे आणि ती कोणत्याही कारणाने सोडायची नाही. अभ्यास सांभाळून सुटीच्या दुपारी तेच मूल लाकूड कोरत बसले, तर त्याच्या हातातले हत्यार त्याने स्वतः निवडलेले असेल. नको वाटले तर ते खाली ठेवण्याचीही मोकळीक त्याला असेल. आपल्या पणजोबांना ही मोकळीक नव्हती. वस्तीतल्या वाचनालयात किंवा विहारात मे महिन्याच्या सुटीत असा चार दिवसांचा वर्ग भरवणे अवघड नाही. वस्तीत लाकूडकाम जाणणारा एखादा कामगार असतोच, त्याला गुरुजी म्हणून बोलवावे आणि मानाने बसवावे.